रमाबाईंनी कान दिला

आमच्या बचत गटाची बैठक पूर्वी संध्याकाळी पाचला असायची. उशिरा येणारीला पाच रुपये दंड. नियम मीच केलेला, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. गटातली एक बाई दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं उशिरा यायची. दारात चप्पल काढता काढता काहीतरी सांगायला तोंड उघडायची. मी काही तिला पुरतं बोलू द्यायचे नाही. कामं प्रत्येकीच्याच घरी असतात, वेळ पाळायला शिका, असं सगळ्यांसमोर सुनवून मोकळी व्हायचे. ती मुकाट्यानं पाच रुपये काढून ठेवायची. चार-सहा महिने असं चाललं आणि मग ती यायचीच बंद झाली. मी वहीत तिच्या नावावर रेघ मारली.

खरी हकीकत वर्षभरानं दुसऱ्याच एका बाईकडून कळली. तिच्या बराकीत नळाला पाणी यायचं तेच पाचच्या सुमाराला, तेही अर्धा-पाऊण तास. घरात सासू अंथरुणाला खिळलेली, भरायला दुसरं कुणी नाही. आमच्या इमारतीला टाकी, त्यामुळे नळाची वेळ कोणती हे मला ठाऊकच नव्हतं. बैठक दुपारी घ्या, एवढंच तिला सांगायचं होतं. गट सुटला तसं गटाचं स्वस्त कर्जही सुटलं. मुलाच्या फीसाठी तिनं बाहेरून दरमहा दहा टक्क्यांनी पैसे उचलले आणि त्यात तिचं मंगळसूत्र गेलं.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस वर्षं मी समाजकार्य करते असं सांगत फिरते. भाषणं करते, अर्ज भरून देते, सल्ले तर विचारूच नका. पण समोरच्या बाईचं वाक्य पुरं होऊ देणं, हे काही मला कुणी शिकवलं नव्हतं, की मीच शिकले नव्हते?

त्या दिवसांत मी रमाबाई रानड्यांचं आमच्या आयुष्यातील काही आठवणी हे पुस्तक पुन्हा काढलं. बी.ए.ला असताना वाचलं होतं ते परीक्षेपुरतं. नंतर २०१२ मध्ये टीव्हीवर उंच माझा झोका लागायची तेव्हा आमच्या घरात सगळे जेवणाची ताटं घेऊन ती मालिका बघायचे. तेव्हा मनात राहिली ती नऊवारीतली गोड छोटी रमा. आता चाळिशी उलटल्यावर वाचलं तेव्हा वेगळंच काही दिसलं. ही बाई आयुष्यभर ऐकत होती. आधी नाइलाजानं आणि मग आपणहून.

त्या माहेरच्या कुर्लेकर. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे त्यांचं गाव, पुढे यशवंतराव चव्हाण जन्मले तेच. लहानपणीचं नाव यमुना. १८७३ साली, अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालं. ते एकतिशीचे, पहिली बायको नुकतीच गेलेली. सुधारकांमध्ये त्यांचं मोठं नाव, त्यामुळे ते विधवेशी लग्न करतील अशी लोकांची अपेक्षा. वडिलांपुढे त्यांचं काही चाललं नाही आणि ही अक्षरओळखही नसलेली मुलगी घरात आली. सासरी पाठवताना तिच्या वडिलांनी तिला बजावलं होतं की सासरच्या माणसांनी काहीही बोललं तरी उलट उत्तर करायचं नाही आणि नवऱ्याकडे चहाड्या सांगायच्या नाहीत.

आता यात नवं काय, असं तुम्ही म्हणाल. आपल्यापैकी किती जणींना निघताना हेच सांगितलं गेलं! आपल्या भाषेत त्यासाठी शब्दच आहे, ऐकून घेणं. सासूचं ऐकून घे, नणंदेचं ऐकून घे, साहेबाचं ऐकून घे, गिऱ्हाइकाचं ऐकून घे. ऐकून घेणारीचं तोंड बंद असतं, पण तिच्या कानात तरी काही जातं का? बहुतेक वेळा मनात आपलीच उत्तरं चाललेली असतात.

रमाबाईंना ऐकून घ्यावं लागलं ते थोडंथोडकं नव्हे. रानड्यांनी त्यांना रात्री शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी. पुढे इंग्रजी शिकवायला मिशनच्या हर्फर्डबाई येऊ लागल्या. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच खपत नव्हतं. गोऱ्या बाईला शिवून आली म्हणून अंघोळी, सोवळ्याओवळ्याचे प्रश्न, जेवताना टोमणे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांच्या सभांना रमाबाई जाऊ लागल्यावर तर घरात वादळच झालं. मुलींच्या हायस्कुलाची मागणी करण्यासाठी पुण्यात मोठी सभा झाली, तीत रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. बाहेर कौतुक आणि घरी आल्यावर काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. (ती शाळा १८८४ मध्ये निघाली. पुण्याची हुजूरपागा ती हीच.)

इथे मला रानड्यांचा थोडा रागही येतो, खोटं कशाला सांगू! बायकोला शिकवायचं ठरवलं ते उत्तमच, पण घरातल्या मोठ्यांना चार शब्द सुनवायचे कुणी? ते बायकोलाच धीर धरायला सांगत. सगळा भार त्या पोरीच्या कानांवर.

पण एक गोष्ट घडली. टोमणे मारणाऱ्या त्या बायकांबद्दल रमाबाई लिहितात तेव्हा त्यात विष नाही. कोण कुठली, किती लहानपणी विधवा झाली, कशामुळे अशी बोलते, हे त्यांना कळत गेलेलं दिसतं. टोमण्याच्या मागचं दुःख त्यांनी ऐकलं होतं. माझ्या मते इथेच त्यांच्या ऐकून घेण्याचं ऐकणं झालं.

दुसरी शाळा नवऱ्याच्या नोकरीतली. आमच्या कॅम्प दोनमधल्या दुकानदार बायकांना ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ती उधारीची आहे. १८७५ साली सुप्याला आणि आसपास पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, कर्जखतं हिसकावून जाळली. त्यावर सरकारनं १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तोवर कोर्टात काय व्हायचं? सावकार कागद पुढे ठेवायचा, शेतकरी बहुधा हजरच नसायचा, आणि कागदावरचा आकडा खरा धरून निकाल लागायचा. नव्या कायद्यानं न्यायाधीशानं कागदाच्या मागे जायचं होतं. पहिल्यांदा किती घेतले, परत किती केले, व्याजाचं मुद्दल कधी झालं, हे अगदी सुरुवातीपासून तपासायचं. म्हणजे अंगठा उठवणाऱ्याची हकीकत ऐकायची! या कायद्याच्या अंमलबजावणीचं काम रानड्यांकडे होतं. ते जिल्ह्याजिल्ह्यांतून दौरे करत आणि रमाबाई बरोबर असत.

मी त्या दिवशी वहीतल्या पाच रुपयांच्या खुणा पुन्हा पाहिल्या. सहा महिन्यांत सात वेळा दंड. कागद खराच होता, पण त्याच्यामागे जायचं मला सुचलं नव्हतं.

१८९३ मध्ये रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. त्यांची दृष्टी अधू, त्यामुळे वर्तमानपत्रं, पत्रं, पुस्तकं रमाबाई वाचून दाखवत. ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पोथी वाचून दाखवलीय त्यांना ठाऊक असेल, मोठ्यानं वाचणाऱ्याचे कानही तयार होतात. ऐकणारा कुठे थांबला, कुठे हुंकार दिला, कुठे त्याचं लक्ष उडालं, हे चेहऱ्याकडे न बघता समजू लागतं.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती गेले. रमाबाईंना मूलबाळ नव्हतं. त्या पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि वर्षभर जवळजवळ घराबाहेर पडल्या नाहीत. त्या काळातल्या विधवेपुढे पोथ्या आणि जपमाळ हाच रस्ता होता, आणि त्यांना कुणी नावं ठेवली नसती.

वर्षानंतर त्या बाहेर पडल्या त्या कुठे गेल्या बघा. येरवड्याच्या तुरुंगात, बायकांच्या भागात. तिथल्या कैदी बायकांना भेटायला त्या नेमानं जाऊ लागल्या. सुधारशाळेतल्या मुलांकडे जात, सणावारी त्यांना खाऊ नेत. इस्पितळातल्या रोग्यांना फळं, फुलं, पुस्तकं देत. तुरुंगातल्या बाईला फळापेक्षा जास्त कशाची भूक असेल? वकिलानं विचारलं ते तिनं सांगितलेलं असतं, पोलिसानं विचारलं तेही. न विचारलेलं सगळं तिच्या पोटातच असतं. मी एकदाच एका महिला कारागृहात कार्यक्रमाला गेले होते. आम्ही भजनं म्हटली, तिळगूळ वाटला, फोटो काढले आणि निघालो. दारापाशी एक म्हातारी माझा पदर धरून काहीतरी सांगत होती. गाडी निघायची होती, म्हणून मी तिच्या हातावर आणखी एक लाडू ठेवला. आज वाटतं, तो लाडू मी माझ्या सुटकेसाठी ठेवला होता.

१९०८ मध्ये मुंबईत सेवासदन निघालं. ते काढणारे दोघे, बेहरामजी मलबारी हे पारशी आणि दयाराम गिदुमल हे सिंधी, सिंधमधल्या हैदराबादचे. रमाबाई तिच्या अध्यक्ष. आमच्या शेजारच्या भाभींना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. त्यांचं सासर मूळचं त्याच हैदराबादचं. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या बराकींत आणून वसवलेल्या हजारो कुटुंबांपैकी ते एक. १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं, पण आम्ही अजून पत्ता सांगताना कॅम्प दोनच म्हणतो. आपल्या गावच्या माणसानं मराठी बाईला हाताशी घेऊन बायकांसाठी संस्था काढली याचा भाभींना इतका आनंद झाला की त्यांनी सिंधी कढी पाठवली.

पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, रमाबाईंनी पुण्यात आपल्या वाड्यात पुणे सेवासदन सुरू केलं. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. आणि आता माझ्या पाचच्या बैठकीची गोष्ट आठवा. प्रौढ बायकांचे वर्ग रमाबाईंनी भरवले ते दुपारचे! स्वयंपाक, जेवणं, उष्टीखरकटी आटोपून आणि संध्याकाळचा दिवा लागण्याआधी बाईला घराबाहेर पडता येतं ते तेवढ्याच वेळात. माझ्याकडे शिक्षण होतं, घरी घड्याळं चार होती, पण ही वेळ मला कळली नाही.

शिवण, लिहिणं-वाचणं, शिक्षिका होण्याची तयारी, असं करत काम वाढलं. सगळ्यात अवघड होतं नर्सिंग. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, हे घरंदाज बाईचं काम नव्हे असं तेव्हाचे लोक मानत. सेवासदनाच्या मुली ससून इस्पितळात नर्सिंग शिकू लागल्या, त्यांत विधवाही होत्या. दुखणं अंगावर काढणारी बाई पुरुष डॉक्टरपुढे पदर तोंडात धरून उभी राहायची. तिची खरी तक्रार बाहेर यायची ती नर्सपाशी, तीही दहा वेळा आडवळणानं. पोटात दुखतं म्हणून सुरुवात करायची आणि भलतंच काही सांगायचं असायचं. सेवेच्या कामात ऐकणं हे शिष्टाचारापुरतं नसतं, औषध कोणतं द्यायचं ते त्यावर ठरतं.

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातली गोष्ट सांगितली जाते. केशवपन केलेली, तांबड्या लुगड्यातली एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली तेव्हा गॅलरीतल्या कॉलेजच्या मुलांनी हुर्यो केली. रमाबाई समारंभ संपवताना त्या मुलांवर अशा कडाडल्या की सभा गप्प झाली. तुमच्याच घरच्या रूढीनं तिची ही दशा केली आणि तुम्ही तिलाच हसता, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ज्या बाईनं वर्षानुवर्षं टोमणे ऐकून घेतले, तिनं दुसरीसाठी मात्र एक हुर्यो ऐकून घेतली नाही. पुढे १९२० च्या सुमाराला पुण्यात सक्तीचं मोफत शिक्षण फक्त मुलग्यांना द्यायचं घाटत होतं, तेव्हा बायकांना घेऊन त्या रस्त्यावरही उतरल्या.

शेवटच्या वर्षांतही आषाढी-कार्तिकीला सेवासदनाच्या बायका घेऊन त्या आळंदीच्या यात्रेत वारकरी बायकांच्या मदतीला जात. १९२४ मध्ये त्या गेल्या. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्यानं तिकीट काढलं. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर सेवासदन आजही उभं आहे.

हे सगळं वाचल्यावर मी गटात एक खेळ सुरू केला. दोघी समोरासमोर बसायच्या. एकीनं तीन मिनिटं बोलायचं, दुसरीनं नुसतं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, आणि अगं माझं पण अस्संच, हे तर अजिबात म्हणायचं नाही. मग जे ऐकलं ते तिला परत सांगायचं आणि बरोबर सांगितलं का ते विचारायचं. पहिल्या दिवशी एकीलाही तीन मिनिटं गप्प बसता आलं नाही! सगळ्यात आधी हरले ती मी.

माझी भाची मार्केटमध्ये कापडाच्या दुकानात काउंटरला आहे, तिलाही हा खेळ शिकवायला गेले. ती हसली. म्हणाली की हे तर आमचे शेठ रोज करतात. म्हणून एक दिवस जाऊन बसले. म्हातारे सिंधी गृहस्थ, सगळे त्यांना दादा म्हणतात. एक बाई रंग गेलेला ड्रेस घेऊन तावातावानं आली. भाची बिल मागणार एवढ्यात दादांनी तिला डोळ्यानंच थांबवलं, बाईंना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि बोलू दिलं. बाईंनी दुकानाला, कंपनीला, महागाईला सगळ्यांना नावं ठेवली. पाच मिनिटांनी आवाज खाली आला आणि खरी गोष्ट निघाली. ड्रेस नणंदेला दिला होता आणि तिनं चारचौघांत मापं काढली होती. दादांनी ते सगळं आपल्या सिंधी-हिंदी-मराठीत तिला जसंच्या तसं परत सांगितलं, मग बिल बघितलं आणि कपडा बदलून दिला. नणंदेसाठी बांधून द्या, असं मुलीला सांगितलं. बाई जाताना दोन पीस आणखी घेऊन गेल्या. मी दादांना विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाले, वडील बराकीसमोर खाटेवर कापड विकायचे. गिऱ्हाइकाला मराठी यायची, त्यांना नाही. कान लावून ऐकल्याशिवाय धंदाच होत नव्हता.

आमची बैठक आता दुपारी दोनला असते. दंड बंद केला. त्या बाईच्या घरी मी दोनदा जाऊन आले. तिनं चहा दिला, सासूला माझी ओळख करून दिली, पण गटाचा विषय काढला नाही. मीही नाही काढला. माफी मागायला तोंड उघडलं तर पुन्हा मीच बोलत राहीन अशी भीती वाटली.

गेल्या मंगळवारी बैठक संपून सगळ्या गेल्यावर ती आली. आत आली नाही, दाराच्या पायरीवरच बसली. पाणी आता सकाळी येतं म्हणाली. मग उन्हाबद्दल बोलली, मुलाच्या कॉलेजबद्दल बोलली आणि मध्येच थांबली. माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. आत गॅसवर दूध होतं, तेही आठवलं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. बराच वेळ समोरून रिक्षा जात होत्या, आणि मग तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आत दूध उतू गेल्याचा वास आला, पण मी उठले नाही.